रेणूची ठेवण आणि पदार्थाचा गुण : एनसीएलमधील विद्युत-सक्रिय पॉलिमरांची वाटचाल

पुण्यातील पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'एनसीएल', ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते सुरू झाली. तिची कोनशिला एप्रिल १९४७ मध्ये मुंबई प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी बसवली होती. पाया पारतंत्र्यात घातला गेला आणि दार उघडले ते देश प्रजासत्ताक होण्याच्या तेवीस दिवस आधी. तिथून पुढच्या पाऊणशे वर्षांत उत्प्रेरक, औषधे, रंग, कीटकनाशके, वनस्पतींचे ऊतिसंवर्धन अशा अनेक दिशांनी इथले काम पसरले. त्या सगळ्याचा आढावा एका लेखात मावणारा नाही. म्हणून इथे एकच धागा हाती घेतला आहे : विजेला प्रतिसाद देणारे पॉलिमर.

पॉलिमर म्हटले की वीज अडवणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. घरातल्या तारेवरचे पीव्हीसीचे आवरण हे त्याचे रोजचे उदाहरण. पण याच वर्गात असेही पदार्थ आहेत, की त्यांतले काही धातूच्या जवळपास जाईल इतकी वीज वाहतात, काही दाबले तर वीज निर्माण करतात, काही विजेचा दाब मिळताच वाकतात किंवा ताणले जातात, आणि काही इलेक्ट्रॉनला अडवून फक्त प्रोटॉनला वाट देतात. या सर्वांना मिळून विद्युत-सक्रिय पॉलिमर म्हणतात. मूळ सामग्री बहुतेकांची एकच, कार्बनची लांब साखळी. फरक पडतो तो साखळीतल्या बंधांच्या क्रमाने, तिला लटकलेल्या अणूंनी, बाजूच्या फांद्यांच्या लांबीने आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना कशा लागून बसतात त्याने.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. या क्षेत्रातले मूळ शोध जपान आणि अमेरिकेत लागले, पुण्यात नव्हे. एनसीएलचा वाटा आहे तो गुणाचे कारण रचनेत शोधण्याचा, ती रचना हेतुपूर्वक बदलून पाहण्याचा आणि जमेल तिथे तिला उपयोगापर्यंत नेण्याचा.

पहिले तीन संचालक

प्रयोगशाळेचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन मूळचे कॅनडाचे. त्यांनी आयुष्याचा मोठा काळ साबणाच्या द्रावणांचा अभ्यास केला. साबणाच्या रेणूचे एक टोक विद्युतभारित आणि पाण्याला जवळ करणारे, दुसरे तेलकट आणि पाण्यापासून पळणारे. असे रेणू पाण्यात सुटे न राहता ठरावीक ठेवणीचे पुंजके करतात, आणि द्रावणाच्या विद्युतवाहकतेवरून त्या पुंजक्यांचा माग काढता येतो, हे मॅकबेन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच मांडले होते. एकाच रेणूतले दोन विरुद्ध स्वभाव मोठ्या प्रमाणावर रचना घडवतात, हा विचार या लेखात पुढे पुन्हा भेटेल.

त्यांच्यानंतर १९५२ मध्ये आले जॉर्ज इंगल फिंच. गिर्यारोहकांना ते १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत कृत्रिम ऑक्सिजन वापरून २७,००० फुटांच्या वर गेलेले फिंच म्हणून माहीत आहेत. विज्ञानात त्यांचे नाव झाले ते इलेक्ट्रॉन विवर्तनामुळे. इलेक्ट्रॉनांचा झोत पातळ थरावर टाकून आतल्या अणूंची मांडणी वाचण्याचे हे तंत्र. पदार्थाच्या गुणाबद्दल बोलण्याआधी त्याची मांडणी मोजायची, ही शिस्त प्रयोगशाळेला इतक्या लवकर मिळाली.

१९५७ मध्ये के. वेंकटरामन पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत, त्यांनी रंगरसायनाची परंपरा उभी केली होती आणि कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ जगभर वापरला जात होता. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये आलेले बा. द. टिळक हेही यूडीसीटीचेच आणि रंगांचेच अभ्यासक. रंगाच्या रेणूत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका अणूशी बांधलेले न राहता अख्ख्या रेणूवर पसरतात. ही साखळी जितकी लांब तितका रेणू कमी ऊर्जेचा प्रकाश शोषतो आणि रंग त्याप्रमाणे बदलतो. वीज वाहणाऱ्या पॉलिमरचे मर्म हेच आहे. साबण, विवर्तन आणि रंग या तिन्ही अभ्यासांचा हेतू वेगळा होता. पण विद्युत-सक्रिय पॉलिमर समजून घ्यायला लागणारी बौद्धिक सामग्री पहिल्या दोन दशकांतच पाषाणच्या आवारात आली होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

रंगापासून विजेपर्यंत

वीज वाहणाऱ्या पॉलिमरची जगाने दखल घेतली ती १९७७ मध्ये. हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या चकचकीत पडद्याला आयोडिनची वाफ दिली आणि त्याची वाहकता कोटीच्या पटीत वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कारण असे : नुसते आलटून पालटून येणारे दुहेरी बंध असणे पुरेसे नसते. अशा साखळीत इलेक्ट्रॉन पसरलेले असले तरी सगळ्या जागा भरलेल्या असतात, आणि भरलेल्या जागांतून पुढे सरकायला वाव नसतो. आयोडिन साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घेतो. मग मोकळ्या झालेल्या जागा साखळीवरून सरकू लागतात आणि वीज वाहते.

पण पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. त्यामुळे लक्ष वळले पॉलिपायरोल, पॉलिथायोफीन आणि विशेषतः पॉलिअ‍ॅनिलिनकडे. पॉलिअ‍ॅनिलिन हा एका अर्थाने जुनाच पदार्थ. एकोणिसाव्या शतकात कापूस काळा रंगवायला वापरला जाणारा 'अ‍ॅनिलिन ब्लॅक' त्याच कुळातला. त्याच्या साखळीत बेंझिनची कडी आणि नायट्रोजन एकाआड एक येतात, आणि नायट्रोजनच्या अवस्थेनुसार पदार्थाची तीन रूपे होतात. पूर्ण क्षपित, पूर्ण ऑक्सिडीकृत आणि दोहोंच्या मधले. मधले रूप निळे असते आणि वीज अडवते. त्यावर आम्ल टाकले की नायट्रोजन प्रोटॉन घेतो, पदार्थ हिरवा होतो आणि वाहकता अब्जावधी पटींनी वाढते. यात साखळीवरच्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलतच नाही, बदलते ती त्यांची मांडणी. अल्कली टाकले की पदार्थ परत निळा आणि निर्वाहक होतो.

एनसीएलच्या पॉलिमर विभागात डॉ. एस. राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहक पॉलिमरांवर दीर्घकाळ काम केले. त्यातला उपयोगाच्या दृष्टीने लक्षात राहणारा भाग म्हणजे गंजरोधक लेप. पॉलिअ‍ॅनिलिन आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण यांचा मेळ घालून पोलादावर चढवण्याच्या लेपाचे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. साधा रंग पाणी आणि हवा अडवतो, आणि त्याला ओरखडा पडला की तिथून गंज सुरू होतो. पॉलिअ‍ॅनिलिन मात्र स्वतः इलेक्ट्रॉनांची देवघेव करू शकतो. त्यामुळे ओरखड्याच्या जागीही त्याच्या मागे असलेला धातू रासायनिकदृष्ट्या शांत ठेवायला त्याची मदत होते. रंगाच्या कुळातला पदार्थ पुन्हा रंग म्हणूनच लावला जातो, पण काम करतो विद्युतरसायनाचे.

या पदार्थांची मोठी अडचण कायम राहिली आहे. साखळी ताठ असल्याशिवाय इलेक्ट्रॉन पसरत नाहीत, आणि ताठ साखळी विरघळत नाही, वितळत नाही. तिला लांब लवचीक फांद्या जोडल्या तर विरघळते, पण फांद्या साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात आणि एका साखळीवरून दुसरीवर जाणे अवघड होते. पॉलिथायोफीनमध्ये सगळ्या फांद्या एकाच क्रमाने लावल्या तर साखळी सपाट राहते आणि वाहकता टिकते, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दाखवले गेले. वाहकता आणि प्रक्रियासुलभता यांचा हा व्यवहार रेणूच्या पातळीवरच सोडवावा लागतो.

फ्लोरिनची साखळी आणि चिकणमाती

१९६९ मध्ये टोकियोच्या कोबायासी भौतिकी संशोधन संस्थेतील हेइजी कावाई यांनी पॉलिव्हायनिलिडीन फ्लोराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, या पॉलिमरमध्ये जोरदार पीझोविद्युत परिणाम दाखवला. ताणून आणि विद्युतक्षेत्रात ठेवून तयार केलेली त्याची फिल्म दाबली तर वीज देते, आणि तिला वीज दिली तर तिचा आकार बदलतो. मायक्रोफोन, श्रवणातीत लहरींचे संवेदक, दाबमापक यांत ती आज वापरली जाते.

या साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन आणि पुढच्यावर दोन फ्लोरिन असे आळीपाळीने येते. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून प्रत्येक घटकाला एक ऋण आणि एक धन बाजू मिळते. आता प्रश्न उरतो तो साखळीच्या वळणाचा. पदार्थ वितळवून साधा थंड केला तर साखळी आलटून पालटून वळते आणि स्फटिकात दोन साखळ्यांची ध्रुवता परस्परविरुद्ध राहते. एकाच जुवाला विरुद्ध तोंडांनी जुंपलेले बैल जसे गाडी जागची हलू देत नाहीत, तसे इथे एकाचे बळ दुसरा खातो. या रूपाला अल्फा म्हणतात. साखळी सरळ नागमोडी राहिली तर सगळे फ्लोरिन एका बाजूला आणि सगळे हायड्रोजन दुसऱ्या बाजूला येतात. हे बीटा रूप. पीझोविद्युत गुण बीटामध्ये असतो. दोन्ही रूपांची रासायनिक घडण अगदी एकच आहे, अणूंची संख्या एकच आहे, तरी एक उपयोगी आणि दुसरे जवळपास निरुपयोगी.

बीटा रूप मिळवायचा रूढ मार्ग म्हणजे फिल्म चार-पाच पट ताणणे. दुसरा मार्ग रासायनिक. साखळीत ट्रायफ्लुरोएथिलीनचे काही घटक मिसळले तर जास्तीच्या फ्लोरिनला अल्फाच्या वळणांत जागा पुरत नाही आणि साखळी आपोआप सरळ रूपात स्फटिक होते. एनसीएलमध्ये तिसरा मार्ग तपासला गेला. डॉ. ज्योती जोग आणि एल. प्रिया यांनी सेंद्रिय प्रक्रिया केलेल्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे पीव्हीडीएफच्या वितळलेल्या रसात मिसळले. २००२ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधांत असे दिसले, की माती असताना पदार्थ ताणल्याशिवायही बीटा रूपात स्फटिक होतो. साखळ्या मातीच्या पापुद्र्यांमध्ये शिरतात, तिथल्या पृष्ठभागाशी त्यांचा जवळचा संबंध येतो आणि त्यांची वळण्याची पद्धत बदलते.

अर्थात बीटा रूप मिळाले म्हणजे संवेदक तयार झाला असे नाही. स्फटिकांच्या ध्रुवता जोरदार विद्युतक्षेत्राने एका दिशेला वळवाव्या लागतात, आणि मिसळलेल्या पदार्थाने गळती वाढवली तर ते क्षेत्र टिकत नाही. तरीही या कामाचे मोल वेगळे आहे. साखळीच्या वळणावर बाहेरून, साध्या मिश्रणाने ताबा मिळवता येतो, हे त्यातून दिसले. मिश्रणयंत्रात वितळवून मिसळण्याची पद्धत प्लॅस्टिक उद्योगाच्या परिचयाची असल्याने त्या मार्गाला व्यवहाराचीही बाजू होती.

भारित जाळी

१९७६ मध्ये इंग्लंडहून परतलेले डॉ. रघुनाथ माशेलकर एनसीएलमध्ये रुजू झाले. त्यांच्याभोवती पॉलिमर अभियांत्रिकीचा एक गट उभा राहिला आणि त्याच्या आवडीचा एक विषय होता जेल : पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची जाळी. एनसीएलने विकसित केलेले 'जलशक्ती' हे पाणी शोषणारे पॉलिमर १९८० च्या दशकात शेतीसाठी पुढे आले. मुळांजवळ पाणी धरून ठेवायचे आणि हळूहळू सोडायचे, ही कल्पना अवर्षणग्रस्त भागाला साहजिकच आकर्षक होती.

अशा जाळीची ताकद तिच्यावरच्या विद्युतभारात असते. साखळीवर ठिकठिकाणी ऋणभारित गट असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात, आणि त्यांचा भार तोलायला आलेले सोडियमसारखे आयन आत अडकून राहिल्याने पाणी आत खेचले जाते. म्हणूनच शुद्ध पाण्यात असा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी घेतो आणि क्षारयुक्त पाण्यात त्याची ही क्षमता झपाट्याने घटते. याच भारित जाळीला विद्युतक्षेत्रात ठेवले तर आयन सरकतात, एका बाजूला फुगवटा आणि दुसऱ्या बाजूला आकुंचन होते, आणि जेल वाकते किंवा आक्रसते. १९८२ मध्ये अमेरिकेत तोयोइची तनाका यांनी विजेने जेल आक्रसते हे दाखवले आणि कृत्रिम स्नायूंच्या कल्पनेला चालना मिळाली. शेतातले पाणीधारक आणि प्रयोगशाळेतला कृत्रिम स्नायू यांच्यामागचे रसायन एकाच कुळातले आहे.

माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जेलच्या या प्रतिसादामागचे नियम शोधले. हायड्रोजन बंध आणि तेलकट भागांची एकमेकांना असलेली ओढ यांचा तोल कुठे ढळतो आणि जेल अचानक का आक्रसते, याचे सैद्धांतिक गणित त्यांनी मांडले. त्यातून पुढे आलेले एक काम विशेष उल्लेखनीय आहे. शायनी वर्गीस, लेले आणि माशेलकर यांनी अशी जेल बनवली, की तिच्या साखळीला लटकलेली फांदी मधे तेलकट आणि टोकाला आम्लगट असलेली होती. धातूच्या आयनांच्या मदतीने ही जेल तुटल्यावर पुन्हा जुळते, हे त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. वर्गीस पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांच्या गटाने अशाच रेणूची जेल आम्लात काही सेकंदांत जुळते आणि अल्कलीत सुटते हे दाखवले. फांदी आखूड असली तर टोके एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. फार लांब असली तर तेलकट भाग गोळा होऊन टोकांना झाकून टाकतो. मधल्या लांबीलाच जेल जुळते. मॅकबेन यांच्या साबणातले दोन स्वभाव इथे एका फांदीत आले आणि त्यांचे प्रमाण किती असावे, हाच कळीचा मुद्दा ठरला.

प्रोटॉनची वाट

१९८८ मध्ये आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीतून आलेले डॉ. एस. शिवराम यांनी पॉलिमर रसायन विभागाची सूत्रे घेतली. पुढे २००२ ते २०१० ते संचालक होते. या काळात पॉलिमरच्या संश्लेषणाला, म्हणजे हवी तीच साखळी हव्या तशी घडवण्याला, बळ मिळाले. त्याचा संबंध येतो इंधन-घटाशी.

हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन-घटात मधोमध एक पटल असते. त्याने प्रोटॉनला जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉनला आणि वायूंना अडवायचे. ड्यू पॉन्ट कंपनीने १९६० च्या दशकात काढलेले नॅफिऑन हे यातले प्रमाण मानले जाते. त्याची साखळी टेफ्लॉनसारखी पाणी झटकणारी, आणि फांदीच्या टोकाला सल्फॉनिक आम्ल, पाण्याला आवडणारे. पुन्हा तेच दोन स्वभाव. आम्लाची टोके पाण्याभोवती जमतात आणि त्यांच्यातून काही नॅनोमीटर रुंदीच्या पाणथळ वाटा तयार होतात. प्रोटॉन त्यांतूनच जातो. याच पटलावर दोन्ही बाजूंना धातूचा थर दिला आणि एक-दोन व्होल्टचा दाब दिला तर आयन पाण्यासह एका बाजूला सरकतात आणि पट्टी वाकते. १९९२ मध्ये जपानमध्ये हे दाखवले गेले आणि आज ते विद्युत-सक्रिय पॉलिमरांचे एक प्रमुख उदाहरण मानले जाते.

नॅफिऑनची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. पाणी उडाले की वाट बंद, म्हणून शंभर अंशांजवळ त्याची वाहकता ढासळते. त्याहून तापमान चढवायचे तर पॉलिबेंझिमिडॅझोल हा पर्याय आहे. त्याच्या साखळीतला नायट्रोजन फॉस्फरिक आम्ल धरून ठेवतो आणि पाण्याशिवाय, दीडशे अंशांच्या वरही प्रोटॉन पुढे जातो. एनसीएलमध्ये डॉ. उल्हास खारुल यांच्या गटाने या कुळातील साखळ्या पद्धतशीर बदलून त्यांचा अभ्यास केला. कुठे जागा व्यापणारा ब्युटिल गट बसवला, कुठे फ्लोरिनयुक्त जोड दिला, कुठे साखळी अधिक साधी केली. साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसल्या तर पटल मजबूत होते, पण वायूंची पारगम्यता आणि विद्राव्यता कमी राहते. मोठा गट मधे घातला की साखळ्यांत मोकळी जागा होते, पदार्थ विरघळायला सोपा होतो, वायू जास्त जातात, पण निवडकता थोडी गमवावी लागते. बदल एकेक करून पाहिल्याने कोणत्या गटामुळे काय घडले हे वेगळे काढता आले. या अभ्यासातले बरेचसे काम वायूंच्या विलगीकरणासाठी झाले, आणि त्यातून मिळालेली समज इंधन-घटाच्या पटलालाही लागू पडली.

२०२० मध्ये एनसीएलची मातृसंस्था सीएसआयआर आणि पुण्यातील केपीआयटी कंपनी यांनी मिळून हायड्रोजन इंधन-घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी त्याच सहकार्यातून बनलेल्या बसचे पुण्यात अनावरण झाले. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाच्या पोटात प्रोटॉनची वाट राखणारे पॉलिमरचे पातळ पटल असते, हे बसमध्ये बसणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या पटलाची प्रत बसची प्रत ठरवते.

पुढची वाट

२०२१ पासून डॉ. आशिष लेले प्रयोगशाळेचे संचालक आहेत. जेलच्या भौतिकीतून आलेला संशोधक प्रमुखपदी असताना हा धागा तुटणार नाही, असे मानायला हरकत नाही.

मागे वळून पाहताना यशाबरोबर उणेही दिसते. पीव्हीडीएफ, पॉलिअ‍ॅनिलिन, जेल, पटले या प्रत्येकावर इथे चांगले काम झाले, पण ते वेगवेगळ्या गटांत, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या गरजांसाठी. 'विद्युत-सक्रिय पॉलिमर' या एका नावाखाली त्यांना एकत्र बसवणारा दीर्घ कार्यक्रम उभा राहिला नाही. मूळ शोध बाहेर आणि त्यावरची समज इथे, हे समीकरण त्यामुळे फारसे बदलले नाही.

ते बदलायचे असेल तर पुढच्या पिढीने दोन गोष्टी सोडू नयेत. पहिली, साखळी घडवणारे आणि साखळी मोजणारे हात एकाच छताखाली ठेवणे. कारण विकत आणलेल्या पॉलिमरचा गुण मोजता येतो, पण त्या गुणाचे कारण बदलून पाहता येत नाही. दुसरी, रंग, वायू-विलगीकरण, पाणीधारक यांसारख्या दूरच्या वाटणाऱ्या विषयांतल्या रचनेच्या अभ्यासाला वेळ आणि पैसा देत राहणे. एनसीएलच्या इतिहासात विजेच्या पॉलिमरला लागलेली जवळजवळ प्रत्येक कल्पना अशाच दुसऱ्या कामातून आली आहे. तरुण संशोधकांनी आपल्या विभागाच्या जुन्या अहवालांची कपाटे उघडून पाहावीत, ही या लेखाच्या निमित्ताने विनंती.